दोरीचं दुसरं टोक

१

मी बुर दुबईतल्या एका शिपिंग एजन्सीत नोकरीला होतो. जहाज बंदराला लागायचं असलं की त्याचं पाणी, धान्य, कागदपत्रं, आजारी खलाशासाठी डॉक्टर, हे सगळं आम्ही पाहायचो. सगळी मालवाहू जहाजं. नव्व्याण्णव सालच्या हिवाळ्यात पहिल्यांदाच एका प्रवासी जहाजाचं काम आलं. एरवी ते कॅरिबियन बेटांमध्ये फिरायचं. त्या मोसमात इकडे येऊन एक दिवस पूर्व किनाऱ्यावरच्या खोर फक्कान बंदरात थांबणार होतं. तिकडे प्रत्येक थांब्यावर प्रवाशांना स्नॉर्कलिंगला नेतात. डोळ्यांवर काचेचा मास्क, तोंडात श्वासाची नळी, आणि पाण्यावर पालथं पडून खालचे मासे बघायचे. जहाज कंपनीला इथेही तेच हवं होतं. मात्र बहुतेक प्रवासी वयस्कर, पोहता न येणारे. ज्याने जन्मात समुद्रात पाय घातला नाही त्यालाही भीती वाटू नये, अशी जागा शोधा, असं त्यांनी कळवलं होतं.

"सूर्या, तुला पोहता येतं ना?" उपेंद्रने विचारलं. उपेंद्र माझ्याच टेबलाला टेबल लावून बसायचा. पुण्याचा, माझ्याच वयाचा.

"विहिरीत शिकलोय मी. समुद्राचं काय माहीत?"

"पाणी ते पाणी. मॅनेजरला तुझं नाव सांगून टाकलंय. यल्ला, चल आता."

अशा रीतीने ते काम माझ्या गळ्यात पडलं.

आमच्या गावाकडे मुलाला पोहायला शिकवायची एकच पद्धत होती. कमरेला दोरी बांधायची, गाठ पाठीमागे घालायची म्हणजे घाबरून मूल स्वतः सोडणार नाही, आणि विहिरीत टाकायचं. दोरीचं दुसरं टोक काठावर बसलेल्या माणसाच्या हातात. माझी दोरी माझे काका धरायचे. ते वरून एक झटका द्यायचे, म्हणजे "बरा आहेस ना?" मी खालून एक झटका द्यायचा, म्हणजे "बरा आहे." आणि घाबरलो की भराभर झटके द्यायचे, म्हणजे काका ओढून घेत. विहिरीत आवाज घुमतो, बोललेलं कळत नाही. दोरीतून मात्र सगळं कळतं.

खोर फक्कानसाठी मी तीच पद्धत ठरवली. दुबईच्या सत्वा भागातल्या दुकानातून निळी नायलॉनची दोरी घेतली. दोन मास्क घेतले. एका नळीचं टोक काळं होतं, दुसऱ्या नळीचं भगवं.

२

पहिल्या पाहणीला मी आणि उपेंद्रच गेलो. बंदराजवळ हमदुल्ला नावाच्या पेशावरी माणसाची मोटरबोट भाड्याने मिळायची. दाढीला मेंदी, तोंडात सतत काहीतरी चघळत.

"तैरना आता है ना, खानसाहेब?" उपेंद्रने गमतीने विचारलं.

"नहीं आता," हमदुल्ला म्हणाला. "इसी लिए तो नाव रखी है."

दिवसभरात बऱ्याच जागा पाहिल्या. हॉटेलसमोरच्या खडकाशी मासे भरपूर, पण काठापासून तिथवर पोहावं लागे. बेटाच्या पलीकडे पाणी निर्मळ, पण ओढ होती. एके ठिकाणी तळाशी साळिंदरासारखे काटे असलेले काळे समुद्री गोळे इतके की पाय टेकायची सोय नाही. परतताना हमदुल्लाने डोंगराच्या कुशीत वळण घेतलं आणि एक लहानसं खाजण, डोंगरात शिरलेला समुद्राचा तुकडा, समोर आलं. दोन्ही बाजूंना तपकिरी डोंगर, मध्ये चंद्रकोरीसारखी वाळू, आणि छातीइतकं पाणी. तळापर्यंत सगळं दिसत होतं. उजव्या हाताला एक सपाट खडक पाण्यात उतरला होता आणि त्याच्या टोकाशी, डोंगराखाली, सावलीचा एक पट्टा होता. तिथे पाणी खडकाच्या आत शिरत असावं.

लाटा नव्हत्या. लाटांचा आवाजही नव्हता. पाणी वाळूला लागायचं आणि मागे जायचं, पण ऐकू येत नव्हतं. डोंगरामुळे वारा अडतो, म्हणून असेल, असं मी स्वतःला सांगितलं. उलट नवशिक्यांना हेच हवं.

मी कमरेला दोरी बांधून घेतली. उपेंद्र त्या सपाट खडकावर टोक धरून बसला. मी खाजणभर हिंडलो. पोपटी, पिवळे, पट्ट्यापट्ट्यांचे मासे. ओढ कुठेच नाही. फक्त सावलीच्या पट्ट्यात मासे नव्हते. मीही तिकडे गेलो नाही. गार असणार.

बाहेर आलो तर उपेंद्र हात चोळत होता.

"काय रे, किती झटके मारतोस? मी एक मारला की तुझा एक यायचा ते ठीक. पण मी न मारताही तू मारत होतास."

"मी? मी तर तू मारलास तेव्हाच."

"चल. दोरी काय स्वतःहून बोलत होती?"

"खडकावर घासली असेल."

"घासणं वेगळं आणि झटका वेगळा, राजा." मग तो हसला. "जाऊ दे. जागा मस्त आहे. हीच लिही."

दोरी गुंडाळताना मला ती मधल्या भागात जरा जास्त ताठ वाटली. नायलॉन ओला झाला की आकसतो का? मला माहीत नव्हतं. आकसला तरी सगळा आकसतो, मधलाच भाग नाही, हे नंतर कळलं.

३

"ऑफिसच्या कामाला पोरीला कशाला न्यायचं?" माझी बायको, सुलक्षणा, पोळ्या लाटत होती. आमचं घर दुबईच्या अल मनखूल भागात, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टच्या शेजारी. स्वयंपाकघरात बोललेलं सगळ्या घरात ऐकू जायचं.

"अगं, काम म्हणून नाही. सहल. उपेंद्र पण येतोय. आणि मुग्धाची पाण्याची भीती जाईल."

"आणि?"

"आणि मुग्धा जिथे न घाबरता उतरेल तिथे कोणीही उतरेल. त्याशिवाय मला खात्री कशी पटणार?"

"म्हणजे काम म्हणूनच," ती म्हणाली.

मुग्धा दहा वर्षांची. शाळेच्या स्विमिंगच्या तासाला पोट दुखतं म्हणून दर वेळी चिठ्ठी न्यायची. ती दारात येऊन उभी होती.

"बाबा, आर देअर शार्क्स?"

"नाहीत."

"प्रॉमिस?"

"छातीइतकं पाणी आहे, बेटा. आणि तुझ्या कमरेला दोरी असेल. दुसऱ्या टोकाला मी असेन. मी झटका दिला की तू द्यायचास. भीती वाटली की भराभर द्यायचे. मी तेव्हाच्या तेव्हा ओढून घेईन."

तिने विचार केला. "यू वोंट लेट गो?"

"वेडी का तू?"

घरातच तालीम केली. ती बेडरूममध्ये, मी हॉलमध्ये, मध्ये दोरी. तिला तो खेळ फार आवडला. सुलक्षणा दोरीवरून उड्या मारत ये-जा करत होती आणि दोघांना शिव्या घालत होती.

शुक्रवारी सकाळी उपेंद्रच्या गाडीने निघालो. वाटेत मसाफी गावाला केळी घेतली. मुग्धाचा वरचा एक दुधाचा सुळा हलत होता. रस्ताभर ती जिभेने तो पुढे ढकलायची आणि आरशात मला दाखवायची. दात अगदी आडवा व्हायचा.

"पाडून टाक ना एकदाचा," उपेंद्र म्हणाला. "मी ओढू? दोरी आहेच."

"काका! नो!"

"हात नका लावू, उपेंद्रभाऊजी," सुलक्षणा म्हणाली. "संध्याकाळपर्यंत आपोआप पडेल. केळ्यातच जाईल बघा."

४

हमदुल्लाने आम्हाला वाळूवर उतरवलं आणि बोट मागे नेऊन नांगरली. तो बोटीत आडवा झाला. सुलक्षणाने ऊन नको म्हणून वाळूवरच्या एका मोठ्या धोंड्याच्या आडोशाला चादर पसरली. उपेंद्र काळ्या टोकाची नळी घेऊन खाजणाच्या डाव्या अंगाला गेला.

मी मुग्धाच्या कमरेला दोरी बांधली. गाठ पाठीमागे, काकांनी शिकवलेली. ओल्या नायलॉनला ही गाठ बसली की माझ्याही बोटांनी सुटत नाही. पाहणीच्या दिवशी उपेंद्रने ती दातांनी सोडवली होती. मुग्धाच्या अंगात पिवळा टी-शर्ट, तोंडात भगव्या टोकाची नळी. आधी तिने गुडघाभर पाण्यात तोंड बुडवून पाहिलं. दचकून वर आली. पुन्हा बुडवलं. मग नळीतून काहीतरी ओरडली, त्यातला "फिश" एवढाच शब्द कळला, आणि ती पालथी झाली.

मी सपाट खडकावर बसलो. एक झटका दिला. एक झटका आला.

इतकं बरं वाटलं मला. माझी भित्री पोरगी समुद्रावर तरंगत होती. पाण्यावर पिवळी पाठ आणि भगवं टोक. नळीतून तिचा श्वास ऐकू येत होता. त्या ठिकाणी दुसरा आवाजच नव्हता, म्हणून तो जरा मोठाच वाटत होता.

"अहो, चहा घेणार का?" सुलक्षणाने धोंड्याआडून विचारलं.

मी वळून "हो" म्हणालो. पुन्हा पाण्याकडे पाहिलं तर पिवळी पाठ सावलीच्या पट्ट्याशी पोचली होती. तिथे ऊन एकदम संपत होतं. मी झटका दिला. उत्तर आलं. भगवं टोक खडकाच्या कडेआड गेलं. मी उठून उभा राहिलो आणि पुन्हा झटका दिला. पुन्हा उत्तर आलं, एक, स्वच्छ. बरी आहे.

"बाबा, व्हॉट आर यू डूइंग?"

मुग्धा माझ्या मागे खडकावर उभी होती. केसांतून पाणी गळत होतं. पिवळा टी-शर्ट अंगाला चिकटलेला. मास्क नाही, नळी नाही, दोरी नाही.

"तू... तू कधी आलीस?"

"जस्ट नाऊ."

"दोरी?"

"आय टुक इट ऑफ. इट वॉज स्क्रॅचिंग मी."

"गाठ पाठीमागे होती, मुग्धा."

तिने खांदे उडवले. "निघाली."

माझ्या उजव्या हातातल्या दोरीला एक झटका बसला.

मी झटका दिला नव्हता. तो विचारत होता. तसा झटका काठावरून द्यायचा असतो.

मी दोरीकडे पाहिलं. ती ताठ होती आणि सावलीच्या पट्ट्यात गेली होती. कुठेतरी अडकली आहे, मी मनात म्हणालो. खडकात पाणी आत-बाहेर होत असेल, त्याने ओढली जात असेल. पण पाणी तर हलत नव्हतं. मी पाहत असताना झटके भराभर यायला लागले. एकामागून एक, जोरात, हाताला काचतील असे.

"इट्स जस्ट स्टक," मुग्धा म्हणाली. तिने माझा डावा हात धरला. तिचा हात उबदार होता.

मी एका हाताने ओढायला सुरुवात केली. दोरी अडकलेली नव्हती. येत होती. पाण्यात मूल जितकं जड लागतं तितकी जड.

आणि खडकाच्या कडेआडून भगवं टोक बाहेर आलं. पाण्यावर उभं, हळूहळू, माझ्याकडे. नळीत पाणी शिरलं की माणूस जोराने फुंकतो आणि वरून तुषार उडतो, तसा त्यातून तुषार उडाला. त्या सगळ्या शांततेत तो आवाज मला स्पष्ट ऐकू आला. मग आत श्वास घेतल्याचा आवाज.

"बाबा," मुग्धा रडवेली झाली होती. माझ्या मनगटावर तिची नखं रुतली. "मला भीती वाटते. सोड ना. बाबा, सोड ना ते!"

माझी मुलगी माझ्याजवळ उभी होती. रडत होती. मी तिच्याकडे पाहिलं. मुग्धाच होती.

मी दोरी सोडली.

ती खडकावरून सळसळत गेली. निळं टोक पाण्यात शिरलं. भगवं टोक क्षणभर जिथल्या तिथे राहिलं, जसं काही वाट पाहत होतं, आणि मग मागे सावलीत गेलं. वळून गेलं नाही. तसंच, मागच्या मागे.

५

मी गुडघाभर पाण्यात उतरलो होतो, असं सुलक्षणा नंतर म्हणायची. मला आठवत नाही. मुग्धा मोठ्याने रडायला लागली म्हणून ती धोंड्याआडून धावत आली आणि तिने पोरीला टॉवेलात गुंडाळलं.

"काय केलंत तिला? उगीच नाही म्हणत होते मी."

"सुलक्षणा, पाण्यात कोणीतरी आहे."

तिने पाण्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "कोण असणार? उपेंद्रभाऊजी तर ते काय तिथे."

उपेंद्र डाव्या अंगाने बाहेर येत होता. हमदुल्ला बोटीत उठून बसला होता. आम्ही सगळे होतो. कोणी कमी नव्हतं. मी काय ओरडणार होतो? कोणाला वाचवा म्हणणार होतो?

मी उपेंद्रला हळूच सांगितलं, दोरी आणि मास्क सावलीत गेलेत, बघ जरा. तो गेला. बराच वेळ त्याचं डोकं खडकाच्या कडेशी दिसत होतं. 

"काही नाही रे," तो परत येऊन म्हणाला. "आत पोकळी आहे. हात घातला, लागलं नाही काही. मास्क गेला तुझा, खलास." मग नळी झटकत म्हणाला, "आत पाणी कोमट आहे. विचित्रच."

मी पुन्हा जायला निघालो तर मुग्धा किंचाळली. आईच्या कुशीतून सुटून येऊन तिने माझ्या पायाला मिठी मारली. सुलक्षणा म्हणाली, "आता पुरे. चला घरी."

बोटीत बसलो. उपेंद्रच्या चेहऱ्यावर मास्कचा लाल वळ उमटला होता, कपाळापासून नाकाखालपर्यंत. सुलक्षणा हसली. "भाऊजी, तोंडावर कोणी डबा दाबून ठेवल्यासारखं दिसतंय."

"तासभर जात नाही वहिनी, हा वळ. मागच्या वेळी सूर्याचं थोबाड बघायला हवं होतंत."

मी मुग्धाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. गुळगुळीत. कपाळावर, गालांवर, कुठेही रेघ नव्हती. लहान मुलांची कातडी लवकर पूर्ववत होते, मी मनाला समजावलं. डिसेंबरच्या वाऱ्यात आम्ही सगळे काकडत होतो. ती टॉवेल बाजूला टाकून नाकासमोर बघत बसली होती. खाजण डोंगराआड जाईपर्यंत तिने एकदाही मागे पाहिलं नाही.

मी पाहत होतो. पाण्यावर काहीच नव्हतं.

६

ऑफिसात मी हॉटेलसमोरच्या खडकाची शिफारस केली. त्या खाजणापुढे "अयोग्य, तळ असमान" असं लिहिलं. जहाज आलं आणि गेलं. प्रवासी खूश होते.

घरात सगळं सुरळीत होतं. खरं तर आधीपेक्षा बरंच. मुग्धा सकाळी हाक मारायच्या आधी उठायची. भेंडी खायची. बाथरूममध्ये पूर्वी ती बादली वाजवून गाणी म्हणायची आणि सुलक्षणा दार ठोठावायची. आता आंघोळ गुपचूप व्हायची. फक्त पाणी पडल्याचा आवाज.

"सहलीचा काही म्हणा, फायदा झाला," सुलक्षणा म्हणाली. "पोरगी शहाणी झाली."

"तुला तिच्यात काही फरक वाटत नाही?"

"तेच तर सांगतेय."

"तसा नाही."

तिने हातातलं काम ठेवलं. "अहो, तुम्ही तिच्याकडे असं बघत बसू नका. परवा ती मला म्हणाली, बाबा माझ्याकडे फार बघतो. मुलीला कसं वाटत असेल?"

मी बघणं कमी केलं. पण जेवताना माझं लक्ष तिच्या तोंडाकडे जायचंच. तो सुळा पडला नाही. मी एकदा चेष्टेच्या सुरात म्हणालो, "काय गं, तुझा हलणारा दात कुठवर आला?" तिने तोंड उघडून दाखवलं. मी बोटाने हलवून पाहिला. भिंतीतल्या खिळ्यासारखा घट्ट होता.

बुर दुबईत आमच्या ओळखीच्या डेंटिस्ट होत्या. माझी दाढ दाखवायला म्हणून गेलो आणि बोलता बोलता विचारलं, "डॉक्टर, दुधाचा दात पार सुटायला आलेला असला, तर तो पुन्हा घट्ट होतो का?"

त्या हसल्या. "आपोआप घट्ट झाला असता तर माझं दुकान बंद पडलं असतं. तुम्ही दुसराच दात बघितला असेल."

दुसराच असेल. मी हे वाक्य बरेच दिवस वापरलं. मी दुसरा दात पाहिला असेन. गाठ सैल बांधली असेन. भगवी नळी पाण्याच्या हेलकाव्याने उभी राहिली असेल. प्रत्येक गोष्टीला काहीतरी होतं. फक्त हाताला जे कळलं होतं त्याला काही नव्हतं. मूल घाबरलं की दोरी कशी बोलते ते मला ठाऊक होतं. मी ते मूल होतो एकेकाळी.

एका शुक्रवारी घरात न सांगता मी एकटाच खोर फक्कानला गेलो. हमदुल्ला भेटला. मी सांगितलेलं खाजण त्याला आठवत होतं, तो घेऊनही गेला. सपाट खडक होता, वाळू होती. वाळूवर लाटा फुटत होत्या, चांगल्या आवाजानिशी. सावलीच्या पट्ट्यात पोपटी मासे हिंडत होते. खडकाखाली पोकळी नव्हती. मी हाताने चाचपत शेवटपर्यंत गेलो. सलग डोंगर.

"ये ही जगह थी?" मी विचारलं.

"और कौन सी होगी, साहब?" हमदुल्ला म्हणाला.

परत आलो तेव्हा मुग्धाने दार उघडलं. माझ्या ओल्या केसांकडे पाहिलं. मग बाजूला झाली.

७

आमच्या गॅलरीत कपडे वाळत घालायला पांढरी नायलॉनची तार होती. तिचं एक टोक कठड्याला आणि दुसरं भिंतीतल्या हुकाला. त्या भिंतीपलीकडे लिफ्टची पोकळी. लिफ्ट थांबली की हूक किंचित कुरकुरायचा. त्याची आम्हाला सवय होती.

मार्च लागला होता. दुपारची वेळ, सुट्टीचा दिवस. सुलक्षणा स्वयंपाकघरात शिरा करत होती, तुपाचा वास येत होता. मी हॉलमध्ये पेपर वाचत होतो. मुग्धा जमिनीवर बसून शाळेचा चार्ट करत होती. रंगीत कागद कापून चिकटवत होती. गॅलरीचं दार उघडं होतं. वारा नव्हता. वाळत घातलेले कपडे सरळ लोंबत होते.

सगळे कपडे एकदम एकदा हलले.

मी पेपर खाली केला. लिफ्ट, मी मनात म्हणालो. कान दिला. लिफ्ट चालू नव्हती. त्या दिवशी ती बंदच होती, खाली पाटी लावलेली होती. मीच भाजी घेऊन जिने चढून आलो होतो.

पुन्हा एकदा हलले. एकच झटका. मग थांबणं. मग एकच झटका.

विचारत होतं कोणीतरी.

मी उठून गॅलरीत गेलो. कपडे बाजूला सारले आणि तार मुठीत धरली. गार होती, आणि ओली. तेवढाच एक हात लांबीचा भाग, हुकाजवळचा. मी स्वतःला सांगितलं की ओल्या चादरीचं पाणी असेल. मग, का ते माहीत नाही, मी एक झटका दिला.

क्षणभर काहीच झालं नाही. मग भिंतीच्या आतून भराभर झटके यायला लागले. हूक कुरकुरू लागला, त्याच्याभोवतीचा चुना पडू लागला. तोच हात. तोच जोर. तीन महिन्यांत जरा कमी झालेला. कपडे तारेवर नाचत होते आणि मी दोन्ही हातांनी तार धरून उभा होतो, आणि माझ्या तोंडून एकच शब्द येत होता, तिचं नाव.

"काय बाबा?"

मुग्धा दारात उभी होती. चार्टची कात्री हातात होती. ती तारेकडे बघत होती. तिला आश्चर्य वाटलेलं दिसत नव्हतं. चेहरा थकल्यासारखा होता, मोठ्या माणसासारखा.

"आधीच सोडली होतीस ना तू," ती हळू आवाजात म्हणाली. "मग आता कशाला धरतोस?"

 झटके चालूच होते, पण त्यांच्यामध्ये आता अंतर पडू लागलं होतं.

"शिरा झाला!" सुलक्षणाने आतून हाक मारली. "मुग्धा, ताटल्या घे गं. बाबांना बोलाव."

"येते, आई," मुग्धाने मोठ्याने उत्तर दिलं. मग ती माझ्या जवळ आली. कठड्याच्या बाजूची तार तिने डाव्या हाताने धरली आणि कात्रीचं तोंड तिच्यावर ठेवलं. ती माझ्याकडे वर बघत होती. डोळ्यांत पाणी होतं. तीही घाबरलेली होती, हे मला तेव्हा दिसलं. माझी लेक घाबरली की तिचा खालचा ओठ जसा थरथरतो, तसाच थरथरत होता.

"बाबा," ती म्हणाली, "कापू?"

भिंतीतून एक झटका आला. मंद. मग वाट पाहणं.

मी तार सोडली नाही. पण "नको" असंही म्हणालो नाही.